रिकामं भांडं परत देऊ नये

आमच्या गावाच्या मनाचा मोठेपणा मी एकदा सव्वा महिना जवळून पाहिला आहे. सव्वा महिन्यानंतर तो संपला, पण तोवर होता हे खरं, आणि जे होतं ते लिहून ठेवायला हरकत नाही. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिची परीक्षा झाली आहे, आणि हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून भीती. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही मास्तरांनी विचारलं की उत्तर येत असूनही मी पाटीवर लिहून दाखवायचे.

वाशीत तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या आणि आमचं गाव त्यांच्याकडे तोंड करून बसलं होतं. नव्या शहरासाठी शेतं गेली, मिठागरं गेली, घरं तेवढी राहिली. घरं राहिली म्हणून आम्ही स्वतःला मालक म्हणायचो. आमच्या आळीतला एक जण आपल्याच भातखाचरावर झालेल्या इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून राखण करायचा. आपल्याच बांधावर बसून पगार मिळतो म्हणून तो खूश होता. गावातलं कोणी तिकडून गेलं तर त्यालाही विचारायचा, "कोन पायजे?"

सासूबाईंनी गोठा रिकामा करून तिथे भाड्याची खोली काढली होती. शेत नाही तर म्हशींना पेंढा कुठला, म्हणून म्हशी विकल्या, जमिनीला शेण सारवलं, वर पत्रे घातले, आणि गोठ्याचं घर झालं. म्हशींचा वास राहिला होता, पण तो भाड्यात धरलेला नव्हता.

एकदा आमचे हे कारखान्यातून आले आणि चहा घेता घेता सासूबाईंना म्हणाले, "आय, माझ्या खात्यातल्या एकाची बहीन हाय, मराठवाड्यातली. घर जळलं त्यांचं. नवरा, बायको नि एक पोरगी. खोली देऊया का?"

"जळीत?" सासूबाईंनी कानांना हात लावले. "अरे, ये म्हनावं. असंच ये म्हनावं."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. ज्यांचं घर जळलं त्यांना सव्वा महिना आगीचं विचारायचं नाही. कशी लागली, कुठून लागली, काय काय गेलं, एक शब्द नाही. विचारलं तर ती आग विचारणाऱ्याचं घर शोधत येते. घरं कुडाची आणि गवताने शाकारलेली होती तेव्हाची ही समजूत. पुढे कौलं आली, पण आग कौलांना भिते असं कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आम्ही कोणी काही विचारलं नाही. न विचारताच साऱ्या गावाने ठरवून टाकलं की कडब्यात कंदील पडला असणार.

ती आली तेव्हा तिच्याबरोबर नवरा होता, सहा वर्षांची मुलगी होती आणि एकच गाठोडं होतं. पोटातलं सहा महिन्यांचं होतं. नवऱ्याला वाशीत बांधकामावर काम लागलं, तो सकाळी निघून जायचा. मागे ती गावाच्या तावडीत सापडायची.

गाव मदतीला तुटून पडलं. हंडा आला, कळशी आली, चटई आली. भिंतीपलीकडे वेगळी चूल मांडलेल्या माझ्या थोरल्या जावेने टोप दिला, मी माझं माहेरचं पितळी तपेलं दिलं. वरच्या आळीच्या आत्या, ज्यांच्या शब्दाशिवाय आमच्याकडे बारसं होत नाही की तेरावं, त्यांनी एक टोपभर चिंबोऱ्या पाठवल्या. जिवंत, नांग्यांसकट. वर ताट होतं, ते तिने काढलं. मग ती आणि मुलगी दोघी ओट्यावर चढून उभ्या राहिल्या आणि चिंबोऱ्या खोलीभर हिंडल्या. आम्ही बायका दारात उभ्या राहून हसलो. पकडायला आत गेलो, पण हसणं पुरं झाल्यावर.

मग तिला शिकवणं सुरू झालं. मदत करायची म्हणजे समोरच्याला काहीच येत नाही असं आधी धरून चालावं लागतं. लहानपणापासून ज्वारीच्या भाकरी थापलेली बाई ती. तिच्या भाकरीच्या आवाजाने माझी झोप मोडायची, इतक्या जोरात आणि इतक्या गोल थापायची. तिला जावेने तांदळाची भाकरी करायला बसवलं आणि पिठाला उकड काढायची हे मुद्दाम सांगितलं नाही. भाकरी तुटली.

"अगो बया," जाऊ म्हणाली, "तुमच्या गावाला भाकरी माहीत नाय का?"

ती म्हणाली, "हाय की बाई. पर आमची भाकर इतकी नाजूक नसती."

माझ्या वाटणीला काय शिकवणं येणार? मी सगळ्या गेल्यावर गेले आणि हळूच एवढंच सांगितलं, "भांडं परत देताना रिकामं देऊ नये. चिमूटभर साखर घाल, मीठ घाल, पन रिकामं नको. आमच्यात अपशकुन धरतात." साऱ्या गावाने तिला जे शिकवलं त्यातलं एवढंच तिने मनावर घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्यांचा टोप आत्यांकडे परत गेला तो काळ्या चटणीचा गोळा घेऊन. कारळ्याची चटणी. आम्ही खाडीकाठची माणसं, कारळं कधी पाहिलेलं नाही. आत्यांनी आधी ते मशेरीसारखं हुंगलं, मग जिभेला लावलं, मग भाताबरोबर संपवलं.

मी तिला विचारलं, "हे कुठून आनलंस?"

तिने गाठोडं दाखवलं. "निघायच्या गडबडीत लुगड्याचं म्हणून उचललं, अक्का. दोन कोस आल्यावर सोडून बघितलं तर कारळं. लुगडी तितंच राहिली." आणि ती हसली. "नेसायला न्हाई, पर खायला हाय."

कसली गडबड, हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण सव्वा महिना झाला नव्हता.

चटणीची कीर्ती पसरली. पहिल्या आठवड्यात लोक द्यायचं म्हणून भांडी देत होते, पुढे परत यावीत म्हणून देऊ लागले. अर्धी वाटी डाळ घेऊन मोठं पातेलं पाठवायचं, आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून विचारायचं, "झालं का गं भांडं मोकळं?" माझी जाऊ तर एकदा नुसतं गरम पाणी घेऊन गेली. पोटुशीला बरं असतं म्हणाली. गाठोडं दिवसेंदिवस लहान होत होतं ते मला दिसत होतं. मी काय केलं? माझं तपेलंही दोनदा पाठवलं.

सव्वा महिना भरला तो दिवस आत्यांनी बोटावर मोजलेला होता. दुपारी त्या मशेरीची डबी घेऊन आमच्या पडवीत येऊन बसल्या. सासूबाई होत्या, जाऊ होती, मी खांबाआड तांदूळ निवडत होते. ती आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर मुलीची वेणी घालत होती.

"आता विचारायला हरकत नाय," आत्या म्हणाल्या. "कशी गो लागली आग? कंदील पडला?"

"न्हाई," ती म्हणाली.

"मग चुलीतली ठिणगी उडाली आसंल."

"न्हाई मोठ्या माय. माणसांनी लावली."

"कोनी? दरोडेखोर?"

"गावातल्याच. वळखीच्या माणसांनी." तिने वेणीचा पेड आवळला, मुलगी "आय गं" म्हणाली. "आमी बुद्ध हावोत म्हणून. आमच्या आळीतली सगळीच घरं पेटवली. दिवसाढवळ्या."

एवढं सांगून तिने रिबीन बांधली. तिने काही लपवलेलं नव्हतं, कधीच नाही. आम्ही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नव्हतं ते आपल्या कौलांच्या भीतीने.

आत्यांनी मशेरीची डबी बंद केली. ती बंद झाल्याचा आवाज मला अजून आठवतो. कुणाच्या तोंडून "अरेरे" निघालं नाही. दिवसाढवळ्या आळी पेटवली हे जणू कुणी ऐकलंच नाही. ऐकला तो एकच शब्द, आणि प्रत्येकीने मनातल्या मनात आपण किती चटणी खाल्ली याचा आढावा घेतला.

संध्याकाळपर्यंत गावात चटणी खाल्लेलं एकही माणूस उरलं नव्हतं. जाऊ म्हणाली, "मी नुसता वास घेतला." दुसरी म्हणाली, "पोरांनी खाल्ली, मी नाय." आत्या म्हणाल्या की त्यांना पहिल्याच दिवशी संशय आला होता, घास तोंडात फिरत होता. तो इतका फिरला की टोप तीन वेळा गेला आणि तीन वेळा आला.

मी वेगळी होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. मीही मागच्या दारी जाऊन चूळ भरली. पाच आठवड्यांपूर्वी खाल्लेल्या चटणीसाठी त्या दिवशी चूळ भरली. चौथीपर्यंतचं शिक्षण फुकट गेलं म्हणायचं.

शुद्धीचा प्रश्न निघाला. आत्या म्हणाल्या, घरोघर गोमूत्र शिंपडा. पण गावात गाय कुठे होती? शेतं गेली तशी गुरं गेली. बरीच चौकशी झाल्यावर कळलं की बोनकोड्यात एकाकडे गाय उरली आहे. तिथे माणूस पाठवला. एका बाटलीत अख्ख्या गावाची शुद्धी बसवायची, म्हणून त्यात नळाचं पाणी मिसळलं.

मी यांना विचारलं, "तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"मग बोलला नाहीत?"

"मला कोनी विचारलं?" हे म्हणाले. "मी जळीत म्हटलं नि तुमी बायका चिंबोऱ्या घेऊन धावलात." मग वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणाले, "आता खोली काढून घेतली तर तिच्या भावाला मी खात्यात तोंड कसं दाखवू?" तोंड दाखवायची काळजी होती, पण आईसमोर उघडायची तयारी नव्हती. आमचा जोडा तसा सारखाच.

आत्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं, अमावास्येच्या आत खोली रिकामी कर. आणि त्याआधी गावची भांडी परत घ्या, नाहीतर ती भांडी घेऊन जाईल आणि गावाचं नुकसान होईल. पितळ चिंचेने घासलं की शुद्ध होतं, असं त्यांनी सांगितलं. ॲल्युमिनियमचं काय होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण भांडी सोडायची नाहीत हे पक्कं होतं.

तिच्या नवऱ्याने काम बुडवून चार दिवस खोली शोधली. वाशीत गेला, तुर्भ्याकडे गेला. सगळीकडे आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग खोली कालच दिली म्हणायचे. बांधकामावर मजुरांची किंतानाची पालं होती, तिथे एक कोपरा मिळत होता. तिला सातवा संपत आला होता आणि आकाशात ढग दिसू लागले होते.

नळावर ती मला म्हणाली, "अक्का, बाळंत होईस्तवर तरी ऱ्हाऊ द्या म्हणावं मावशीला. पालात पाणी शिरतंय म्हणत्यात. एक लेकरू मी असंच उघड्यावर घालवलंय, आता दुसरं न्हाई."

मी मान हलवली. मान हलवायला मला फार छान येते. घरी येऊन सासूबाईंसमोर दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा विचारलं, "चहा टाकू?"

तिसऱ्यांदा चहा विचारला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज काय आंघोळ घालतेस मला चहाने?"

अमावास्येला दोन दिवस होते तेव्हा दिवेलागणीला बायका भांडी न्यायला आल्या. आठ-दहा जणी असतील. द्यायला एकेकटी आली होती, न्यायला सगळ्या मिळून आल्या. आत्या पुढे होत्या. सासूबाई पडवीत पाय पसरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा, आपलं तपेलं घेऊन ये." मी जाऊन त्या बायकांच्या मागे उभी राहिले.

आत्या म्हणाल्या, "भांडी दे गो आमची."

तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आत गेली. सगळी भांडी घासून पालथी घातलेली होती, तिला कळलेलंच असणार. एकेक बाहेर आणून तिने उंबऱ्यावर ओळीने मांडली. हंडा, कळशी, टोप, पातेली, माझं तपेलं. जाऊ टोप उचलायला वाकली.

"थांबा बाई," ती म्हणाली. "रिकामं कसं देऊ?"

आत जाऊन तिने गाठोडं आणलं. आता ते गाठोडं राहिलंच नव्हतं, फडक्याची पुरचुंडी होती. आदल्या दिवशीच कुटून ठेवलेली चटणी एका वाटीत होती, आणि वर उरलेलं कारळं. ती खाली बसली, पोट सांभाळत, आणि प्रत्येक भांड्यात तीन बोटांची चिमूट घालत गेली. चटणी संपली तेव्हा कोरडं कारळं घातलं. हंड्याच्या तळाशी ते टपटप वाजलं. कुणाचं चुकवलं नाही. शेवटी फडकं झटकलं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

"न्या आता," ती म्हणाली.

ती हे साधेपणाने करत होती की आम्हाला दाखवून देत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे वर्षानुवर्षं ओळख राहिली, तरी कधी विचारवलं नाही.

बायका तशाच उभ्या. भांडं उचलावं तर त्यात चटणी. चटणी तिथेच ओतून भांडं न्यावं तर तिन्हीसांजेला भरलेलं भांडं दारात रितं करणं, म्हणजे घरादाराला अपशकुन. सोडून जावं तर भांडं गेलं. आठ-दहा जणी आणि एकीलाही हात हलवता येईना. आत्यांनी पदर तोंडावर घेतला. त्यांच्याकडे सगळ्या बघत होत्या, आणि पहिल्यांदाच आत्यांना रीत आठवत नव्हती. आठवत होती तीच तर आडवी आली होती.

"हिला कोनी शिकवलं हे?" आत्या म्हणाल्या.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, माझं नाव निघू नये म्हणून. सातव्या महिन्यात पालात जायला निघालेली बाई मला सांभाळून घेत होती.

बोलायला हवं होतं. "मी शिकवलं," एवढंच. लिहून दाखवायला पाटी नव्हती. तेव्हा मी पुढे झाले, माझं तपेलं उचललं, त्यात बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर चटणी चाटली. सगळी. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचंच होतं. मग कमरेचा रुमाल सोडला. त्यात दुकानातून आणलेली मूठभर चणाडाळ होती. ती तपेल्यात घातली आणि तपेलं परत तिच्या उंबऱ्यावर ठेवलं.

मग जाऊ ओरडली, "आय! बघा ही काय करतेय!"

सासूबाईंनी पडवीतून सगळं पाहिलं होतं. आत्या तरातरा त्यांच्याकडे गेल्या. "बघितलंस? तुझी सून बाटली."

"बघितलं," सासूबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? आता त्यांना काढायचं तर हिला पन काढायला पायजे." सासूबाईंनी पाय आखडून घेतले. "आनि हिला काढली तर माझ्या भाकरी तू येनार हायस भाजायला? रोज सकाळी? तीन भाकरी लागतात मला, नि कडक नको."

आत्या कमरेची मशेरीची डबी चाचपू लागल्या.

"येनार असशील तर आताच सांग. दोन्ही खोल्या रिकाम्या करते."

आमच्या घरात अस्पृश्यता अशी गेली. सासूबाईंना कुणाची दया आली नव्हती आणि कुणाचं भाषणही त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना तीन भाकरी लागायच्या आणि त्या मऊ लागायच्या. अर्थात तेव्हा मी असं समजले होते. आता मला वाटतं, शेताचा कागद घेऊन त्या नव्या शहराच्या कचेरीत गेल्या तेव्हा त्यांनाही दारातला माणूस "कोन पायजे?" म्हणाला होता आणि त्या दिवसभर बाहेर उभ्या होत्या, ते त्यांच्या मनात असावं. पण हे त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि त्यांच्या तोंडी चांगुलपणा घातलेला त्यांना आवडायचा नाही.

बायका भांडी घेऊन गेल्या. चटणीचं प्रत्येकीने काय केलं ते मी पाहायला गेले नाही. आमचा कुत्रा दोन दिवस फार पाणी प्यायला एवढं मात्र खरं. जावेच्या टोपाला दुसऱ्या दिवशी काहीच चिकटलेलं नव्हतं, आणि तिच्या नवऱ्याने जेवताना "आज काय वेगळं केलंस?" म्हणून विचारल्याचं भिंतीपलीकडून मी ऐकलं.

ती राहिली. हंडा-कळशीवाचून त्यांचे हाल झाले, नवऱ्याने तेलाचा रिकामा डबा आणला, त्यात पाणी भरायची. आत्या वर्षभर आमच्या पडवीत आल्या नाहीत, त्यामुळे पडवीत बसायला जागा झाली. श्रावणात ती बाळंत झाली. मुलगा झाला, आणि त्या रात्रंदिवस पडणाऱ्या पावसात पत्र्याखाली कोरडा राहिला. बारशाला गावातून मी आणि सासूबाई अशा दोघीच होतो. सासूबाई जेवल्या नाहीत. पाळण्याला हात लावला, मुलाचं नाक त्याच्या बापावर गेल्याचं सांगून दुःख व्यक्त केलं आणि घरी येऊन माझ्या भाकरी खाल्ल्या.

पुढे नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा ती माणसं नावड्याला राहायला गेली. जाताना तपेलं द्यायला ती आली होती. मी घरात नव्हते, आणि सासूबाईंनी ते घेतलं नाही. का घेतलं नाही? विचारलं तर म्हणाल्या, "त्यात शेवभाजी होती. मला तेल चालत नाय."

थकल्यावर मात्र त्यांना त्या तपेल्याची आठवण यायची. माझ्या माहेरचं पितळ, जड, आता तसं मिळत नाही. "जा की नावड्याला," त्या म्हणायच्या, "घेऊन ये आपलं भांडं."

"आनलं तर ती भरून देईल, आय."

"देऊ दे की."

"मग आपल्याला तिला काहीतरी द्यायला लागेल. मग ती परत देईल."

सासूबाई विचार करायच्या. "मंग हे संपायचं कधी?"

मी म्हणायचे, "चहा टाकू?"